ज्यू वारसा पाहायला निघालेल्या विद्यार्थ्यास



प्राग, तेरेझिन, क्राकोव, ऑश्विट्झ आणि वॉर्सा ही पाच ठिकाणे दाखवणाऱ्या ज्या समूहसहलीत नाव नोंदवले गेले आहे, ती ज्यू वारशाची सहल म्हणून ओळखली जात असली, तरी अशा सहलींहून परतणाऱ्या पुष्कळ तरुणांच्या मनात शेवटी छळछावणीचे एक फाटक आणि मृतांचा एक आकडा एवढेच उरते, ही गोष्ट निघण्यापूर्वीच ध्यानात घ्यायला हवी. १९३९ साली पोलंडमध्ये सुमारे ३३ लाख ज्यू राहत होते, म्हणजे देशातल्या दर दहा माणसांमागे एक; त्यांपैकी सुमारे नव्वद टक्के लोक युद्धाच्या सहा वर्षांत मारले गेले. परंतु त्या भूमीवर हा समाज त्याआधी जवळजवळ हजार वर्षे नांदत होता. त्याने तिथे धर्मशास्त्र लिहिले, व्यापार केला, छापखाने घातले, यिडिश या आपल्या घरगुती भाषेत, म्हणजे जर्मन बोलींच्या पायावर घडलेल्या आणि हिब्रू लिपीत लिहिल्या जाणाऱ्या भाषेत, वर्तमानपत्रे व नाटके चालवली, आणि आपसांत कडाक्याचे वादही घातले. ते जगणे ज्याने समजून घेतले नाही, त्याला त्या सहा वर्षांत काय नष्ट झाले हे कळणे कठीण. मारल्या गेलेल्या माणसांची ओळख त्याला मग मारणाऱ्यांच्या हिशेबातूनच होते. या सहलीत आधी जगणे पाहावे आणि मग मरण, हाच या पत्रातला मुख्य सल्ला आहे, आणि बाकीच्या सूचना त्याच्या अनुषंगानेच येतात.

जाण्यापूर्वी एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर, घराजवळच पाहून घ्यावे. पुणेकर ज्याला लाल देऊळ म्हणतात ते ओहेल डेव्हिड सिनेगॉग डेव्हिड ससून या बगदादी ज्यू व्यापाऱ्याने एकोणिसाव्या शतकात बांधवले. तिथे आधी परवानगी काढून जावे आणि मांडणी नीट न्याहाळावी. आत मूर्ती नसते. जेरुसलेमच्या दिशेच्या भिंतीशी एक कपाट असते, त्यात तोरा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची चर्मपत्रावर हाताने लिहिलेली गुंडाळी, ठेवलेली असते, आणि ती उलगडून वाचण्यासाठी एक उंच चौथरा असतो. ही मांडणी पुण्यात, अलिबागेत आणि प्रागमध्ये मुळात एकच आहे, त्यामुळे ती एकदा मनात बसली म्हणजे युरोपातली प्रत्येक वास्तू नव्याने समजावून घ्यावी लागत नाही. दुसरी तयारी वाचनाची आहे आणि ती अधिक अवघड आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनिवार तेली म्हणत, त्या बेने इस्रायल ज्यूंना शेजाऱ्यांकडून धर्मापायी छळ सोसावा लागला नाही. म्हणूनच मराठी विद्यार्थ्याला ज्यूद्वेष ही गोष्ट अनुभवाने ठाऊक नसते. मध्ययुगीन युरोपच्या बऱ्याच भागांत ज्यूंना जमीन बाळगण्याची व कारागिरांच्या संघात शिरण्याची मुभा नव्हती, व्याजबट्ट्याचा धंदा त्यांच्यासाठी मोकळा ठेवला गेला आणि पुढे त्याच धंद्यावरून त्यांची निंदा झाली. एवढी पार्श्वभूमी नसेल तर वाटाड्याने सांगितलेली प्रत्येक दंगल आणि प्रत्येक हकालपट्टी ही सुटी, कारणाविना घडलेली घटना वाटत राहील.

प्रागमधील जुन्या ज्यू वस्तीला योसेफोव म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यूंवरील काही निर्बंध सैल करणाऱ्या सम्राट दुसऱ्या योसेफचे ते नाव आहे. आज तिथे रुंद रस्ते, उंच देखण्या इमारती आणि महागडी दुकाने दिसतात, कारण १८९३ पासून पुढे सुमारे वीस वर्षे नगरपालिकेने दाट आणि रोगट वस्ती म्हणून जवळजवळ सगळा भाग पाडून नवा बांधला. काही सिनेगॉग, ज्यूंचे नगरभवन आणि दफनभूमी एवढेच उरले. म्हणजे प्रवाशासमोर जे असते ते जुने गाव नव्हे, पाडापाडीतून वगळलेल्या वास्तूंचा संच असतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले जुने-नवे सिनेगॉग आजही वापरात आहे, आणि वापरात असलेले युरोपातील ते सर्वांत जुने सिनेगॉग मानले जाते. त्याच्या गॉथिक छताला प्रत्येक भागात नेहमीच्या चार कमानपट्ट्यांऐवजी पाच पट्ट्या आहेत. चार पट्ट्यांमुळे क्रूसाचा आकार होतो म्हणून पाचवी घातली, असा खुलासा पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. इथल्या राव्ह ल्योव्ह या विख्यात धर्मपंडिताने मातीचा पुतळा जिवंत केल्याची गोलेमची दंतकथा दुकानोदुकानी विकली जाते; ती त्याच्या नावाशी जोडली गेली ती त्याच्या मृत्यूनंतर फार काळाने, हे एवढे लक्षात ठेवून पुढे जावे आणि वाचवलेला वेळ दफनभूमीला द्यावा.

ही दफनभूमी घाईने पाहण्याची जागा नाही. वस्तीला विस्तारायला जागा मिळत नव्हती आणि ज्यू धर्मशास्त्र कबर उकरू देत नाही, म्हणून जुन्या कबरींवर माती टाकून नवे थर चढवले गेले आणि प्रत्येक वेळी जुने दगड वर आणून नव्यांशेजारी रोवले गेले. परिणामी सुमारे १२,००० दगड एकमेकांवर रेलून उभे आहेत. जपल्या गेलेल्या दगडांतला सर्वांत जुना १४३९ सालचा, अविग्दोर कारा या धर्मपंडित कवीचा. १३८९ च्या ईस्टरच्या सुमारास प्रागमधील ज्यू वस्तीवर जमाव चालून गेला आणि मोठी कत्तल झाली, तीतून तो वाचला होता आणि त्या मृतांसाठी त्याने विलापगीत रचले होते. दगडावरील चिन्हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही: आशीर्वाद देणाऱ्या दोन हातांचे चित्र असेल तर मृत व्यक्ती कोहेन, म्हणजे प्राचीन पुरोहितांच्या कुळातली, पाण्याचा चंबू असेल तर त्या पुरोहितांच्या हातांवर पाणी घालणाऱ्या लेवी कुळातली. १६१३ साली वारलेल्या दाविद गान्स या इतिहासकार आणि ज्योतिर्विदाच्या दगडावर सहा टोकांच्या ताऱ्याबरोबर हंसाच्या जातीचा एक पक्षी कोरलेला आहे, कारण त्याच्या आडनावाचा जर्मन अर्थ तोच होता. वर्षही वाचता येते. हिब्रू अक्षरांना अंकांच्या किमती आहेत आणि दगडावर बहुधा हजारांचा अंक गाळून वर्ष लिहिलेले असते. अक्षरांच्या बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन जवळपास मिळतो. राव्ह ल्योव्हचे निधन हिब्रू कालगणनेप्रमाणे ५३६९ मध्ये झाले, म्हणजे ३६९ अधिक १२४०, म्हणजे १६०९. निघण्यापूर्वी दोन संध्याकाळी बसून बावीस अक्षरे आणि त्यांच्या किमती पाठ केल्या, तर बाकीचे सहप्रवासी नुसता वाकड्या दगडांचा फोटो काढत असताना विद्यार्थ्याला त्या दगडाखालचा माणूस कोणत्या शतकात वारला हे स्वतः ठरवता येईल, आणि तो आनंद कोणत्याही वाटाड्याच्या हाती नाही.

दफनभूमीला लागूनच पिंकास सिनेगॉग आहे. त्याच्या भिंतींवर बोहेमिया आणि मोराविया या चेक प्रांतांतील, नाझींनी मारलेल्या सुमारे ७८,००० ज्यूंची नावे गावांप्रमाणे हाताने लिहिलेली आहेत. ही नावे १९५० च्या दशकात प्रथम लिहिली गेली, १९६८ मध्ये ओलीमुळे वास्तू बंद झाली, नावे नष्ट झाली आणि साम्यवादी राजवट गेल्यावर ती सगळी पुन्हा लिहावी लागली. सगळ्या भिंती डोळ्यांखालून घालण्याचा प्रयत्न करू नये. एक गाव निवडावे, त्यातले एक आडनाव निवडावे आणि त्या घरातली सगळी नावे व जन्मतारखा सावकाश वाचाव्यात. त्यातून आजी, बाप आणि चार वर्षांचे मूल असे एक कुटुंब डोळ्यांसमोर उभे राहते.

प्रागच्या उत्तरेस सुमारे ६० किलोमीटरवरचे तेरेझिन हे अठराव्या शतकातले तटबंदीचे लष्करी गाव. नोव्हेंबर १९४१ पासून नाझींनी त्याचा घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची सक्तीची वस्ती, केला. तिथे १,४०,००० हून अधिक माणसे आणली गेली. सुमारे ३३,००० तिथेच उपासमारीने व रोगाने मेली आणि ऐंशी हजारांहून अधिक पूर्वेकडच्या छावण्यांत पाठवली गेली. जून १९४४ मध्ये आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी पाहणीसाठी येणार म्हणून घरांना रंग दिला गेला, दुकाने मांडली गेली, गर्दी कमी दिसावी म्हणून हजारो लोकांना आधीच ऑश्विट्झला धाडण्यात आले, आणि प्रतिनिधी समाधानाने परत गेले. चांगले रस्ते आणि शांत चौक पाहून ‘इथे एवढे वाईट नसेल’ असे प्रवाशाला वाटले, तर तो त्याच फसवणुकीला आज बळी पडतो आहे असे समजावे. याच गावात फ्रीडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकर्तीने मुलांना चित्रकला शिकवली. मुलांनी आपल्या कागदावर स्वतःचे नाव लिहावे असा तिचा आग्रह असे, म्हणून आज त्या चित्रांचे कर्ते ओळखता येतात. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑश्विट्झला नेले जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसांत भरून मागे ठेवली. ती चित्रे वाचली आणि त्यांतली काही पिंकास सिनेगॉगच्या वरच्या मजल्यावर आहेत. फुलपाखरे, जेवणाचे टेबल, रेल्वेचा डबा, खिडकीतून दिसणारा डोंगर असे विषय आहेत आणि कागद बहुतेक रद्दीतले आहेत. प्रागचा संगीतकार हान्स क्रासा याचा ‘ब्रुंडिबार’ हा मुलांचा संगीतनाट्यप्रयोग इथे ५५ वेळा झाला. क्रासाही त्याच ऑक्टोबरमध्ये मारला गेला. प्रागमध्येच शिकलेला दुसरा एक ज्यू संगीतकार, वॉल्टर कॉफमन, १९३४ साली मुंबईस आला, आकाशवाणीत काम करू लागला आणि युद्ध संपेपर्यंत इथेच राहिला. पहाटे आकाशवाणी सुरू होताना वाजणाऱ्या धूनचे श्रेय त्याला दिले जाते. ती धून ऐकून वाढलेल्या मराठी घरातल्या मुलाने तेरेझिनमध्ये क्रासाचे नाव वाचताना हे दुसरे नाव आठवावे.

क्राकोवमध्ये काझिमिएझ ही जुनी ज्यू वस्ती आहे. राजा तिसरा काझिमिएझ याने १३३५ मध्ये स्वतंत्र गाव म्हणून ती वसवली आणि १४९५ मध्ये क्राकोव शहरातून बाहेर काढलेले ज्यू तिथे येऊन राहिले. इथल्या रेमू सिनेगॉगशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो मोशे इसर्लेस १५७२ साली वारला. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंच्या परंपरेतील योसेफ कारो याने धर्माचाराचा जो संग्रह सिद्ध केला, त्यात मध्य व पूर्व युरोपातील ज्यूंच्या, म्हणजे अश्केनाझींच्या, चालीरीती नव्हत्या; इसर्लेसने ग्रंथ नाकारण्याऐवजी त्यावर आपल्याकडच्या रूढींच्या टीपांची भर घातली आणि त्यामुळे एकच ग्रंथ दोन्ही परंपरांना चालू लागला. धर्मशास्त्रावर भाष्ये रचून रूढी आणि ग्रंथ यांचा मेळ घालणाऱ्या परंपरेशी ज्याची ओळख आहे, अशा मराठी वाचकाला हे काम परके वाटू नये. त्याच आवारातल्या दफनभूमीची एक भिंत युद्धात फोडलेल्या थडग्यांच्या तुकड्यांनी बांधलेली आहे.

या वस्तीत चालताना दुकानांच्या पाट्यांपेक्षा दारांच्या चौकटींकडे लक्ष द्यावे. ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला मेझुझा, म्हणजे तोरातील वचने लिहिलेल्या चर्मपत्राची लहानशी डबी, तिरकी बसवलेली असते. काही जुन्या दारांवर डबी नाही, पण लाकडात किंवा दगडात बोटभर लांबीची तिरकी खाच उरली आहे, वरून कित्येकदा रंगाचे थर चढले आहेत, आणि तीत बोट घातले तर खिळ्यांची भोकेही लागतात. त्या घरात कोण राहत होते हे पुसले गेले तरी कोणत्या धर्माचे लोक राहत होते हे ती खाच अजून सांगते. याउलट चौकातल्या ‘ज्यू पद्धतीच्या’ उपाहारगृहांत वाजणारे संगीत आणि टांगलेल्या मेणबत्तीदाण्या यांना वारसा समजू नये. त्यांतली बरीच ठिकाणे कोशेर, म्हणजे ज्यू आहारनियमांना धरून, नसतात. हातात नाणे घेतलेल्या दाढीवाल्या ज्यूच्या बाहुल्या आणि तसबिरी शुभ म्हणून विकल्या जातात, त्या तर मुळीच विकत घेऊ नयेत, कारण ज्यू म्हणजे पैसा हा जुना विखार त्या खेळण्यात शिल्लक आहे. ज्यू संस्कृती आज कशी आहे हे पाहायचे असेल तर २००८ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या ज्यू समाजकेंद्रात जावे. युद्धातून वाचलेले वृद्ध आणि आपली आजी ज्यू होती हे विशीत कळलेली मुले तिथे एकत्र भेटतात. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, असतो; त्या वेळी प्रार्थनेत कॅमेरा काढू नये आणि पुरुषांनी डोके झाकावे.

क्राकोवच्या पश्चिमेस सुमारे ७० किलोमीटरवर ओश्विएंचिम हे गाव आहे, ज्याला जर्मन ऑश्विट्झ म्हणत. युद्धापूर्वी या गावातले निम्म्याहून अधिक रहिवासी ज्यू होते, त्यांची बाजारात दुकाने होती, मद्यार्काचा कारखाना होता, सिनेगॉग होती. त्यांतले एकच सिनेगॉग वाचले आणि आज ते संग्रहालयाचा भाग आहे. समूहाच्या गाड्या सहसा तिथे थांबत नाहीत, म्हणून सहल-संयोजकाला आधीच सांगून तासभर मागून घ्यावा, आणि शक्य असेल तर छावणीच्या आधी तिथे जावे. छावणीत सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांपैकी सुमारे दहा लाख ज्यू. तिथल्या काचेआड सुटकेसांचा ढीग आहे. त्यांतल्या पुष्कळींवर पांढऱ्या रंगात नाव, जन्मसाल, पत्ता लिहिलेला आहे, कारण सामान परत मिळेल असे त्या माणसांना सांगितले गेले होते. कापलेल्या केसांच्या दालनात आणि अकराव्या इमारतीच्या तळघरात छायाचित्रणास मनाई आहे. बाकीच्या ठिकाणी मनाई नसली तरी स्वतःचे हसरे फोटो काढू नयेत, आणि रेल्वेच्या रुळांवर तोल सांभाळत चालण्याचे फोटो तर नकोतच, ज्याबद्दल २०१९ मध्ये छावणीच्या संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली. ही छावणी ‘पोलिश’ नव्हे, जर्मनव्याप्त पोलंडमधील नाझी जर्मन छावणी, असे अचूक म्हणावे. ज्यूंना वाचवल्याबद्दल गौरवल्या गेलेल्यांत पोलिश नागरिकांची संख्या कोणत्याही देशापेक्षा अधिक, सात हजारांहून जास्त आहे; त्याच पोलंडमध्ये १९४१ मध्ये येद्वाब्ने गावात शेजाऱ्यांनी ज्यू शेजाऱ्यांना कोठारात जाळले आणि युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, किएल्त्से येथे जमावाने चाळीसहून अधिक ज्यूंना ठार केले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि दोन्ही ऐकून घ्याव्यात. क्राकोवमधील सहल-व्यावसायिक ऑश्विट्झ आणि वियेलिच्काची मिठाची खाण एकाच दिवसात जोडून विकतात. समूहाने तसे ठरवले असेल तर विद्यार्थ्याने खाणीचा कार्यक्रम सोडून द्यावा. ती संध्याकाळ मोकळी हवी.

वॉर्सात शहरच नव्याने बांधलेले असल्यामुळे पाहण्यासारखे कमी उरले आहे, पण वाचण्यासारखे सर्वांत अधिक. घेट्टोत कोंडलेल्या इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम याने शिक्षक, पत्रकार व लेखक जमवून गुप्तपणे एक दफ्तर उभे केले; त्यात अभ्यास आणि साक्षी तर आहेतच, पण शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, गोळ्यांचे कागद आणि मुलांचे निबंधही आहेत, कारण आपल्यामागे आपल्याबद्दल फक्त मारेकऱ्यांचे कागद उरू नयेत ही त्यांची जिद्द होती. लोखंडी पेट्यांत पुरलेला पहिला भाग १९४६ मध्ये आणि दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरलेला दुसरा भाग १९५० मध्ये सापडला. रिंगेलब्लुम १९४४ मध्येच मारला गेला होता. याच घेट्टोत यानुश कोर्चाक या बालवैद्याने अनाथाश्रमातल्या मुलांकडून १८ जुलै १९४२ रोजी रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘डाकघर’ नाटकाचा प्रयोग करवला. आजारी मुलगा राजाच्या पत्राची वाट पाहत शांतपणे मरणाला सामोरा जातो, असे ते नाटक आहे. चार दिवसांनी घेट्टोतून सामुदायिक रवानगी सुरू झाली, आणि ऑगस्टमध्ये कोर्चाक सुमारे दोनशे मुलांसह त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेला. सहलीपूर्वी ‘डाकघर’ वाचून जावे.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. गळ्यातल्या लॉकेटवर, पिशवीवर किंवा वहीच्या पानावर स्वस्तिक असेल तर ते घरी ठेवून जावे. आपल्याकडचे मंगलचिन्ह निराळे आणि नाझींचे चिन्ह निराळे हे खरे असले, तरी ज्याच्या आजोबांच्या छळकर्त्यांच्या बाहीवर ते होते, त्याच्यावर हा फरक समजून घेण्याची सक्ती करता येत नाही. याहून मोठी गोष्ट परतल्यानंतरची. हिटलरचे आत्मचरित्र महाराष्ट्रातल्या पुस्तकांच्या दुकानांत व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांशेजारी उघडपणे मांडलेले असते, आणि ‘देशाला असाच खमका माणूस हवा’ असे वाक्य वसतिगृहांत, घरच्या जेवणाच्या पंगतीत सहज उच्चारले जाते; बोलणाऱ्याच्या मनात बहुधा दुष्टावा नसतो, माहितीचा अभाव असतो. अशा वेळी विद्यार्थ्याने वडीलधारे बसले आहेत म्हणून गप्प राहू नये. पिंकासच्या भिंतीवर वाचलेल्या एका कुटुंबाची नावे, त्यांचे गाव आणि त्यांतल्या सर्वांत लहान मुलाचे वय त्याने तिथल्या तिथे, आदराने पण ठामपणे, सांगावे.